गल्लीची बढती

सान डिएगो, कॅलिफोर्निया
९ मार्च २०१४

प्रिय ताई,

आधी खुर्चीत बस आणि मग पुढे वाच. तुझं घर मी विकत घेतलं!

हो, तुझंच, हार्लन स्ट्रीटवरचं. तुझ्या घरमालकाला, म्हाताऱ्या झुपानला, फोन केला होता. तो म्हणाला, गुडघे गेले, दारातला बर्फ उपसणं होत नाही, मुलगा फ्लोरिडाला बोलावतोय, घेतेस तर घे. आईचं घर विकून माझ्या वाट्याला आलं ते बँकेत नुसतं पडून होतं. म्हटलं, माझी बहीण तीस वर्षं परक्या माणसाला भाडं भरतेय, त्यापेक्षा ते आपल्या घरात राहिलेलं काय वाईट? आता तुला 'उठा' म्हणणारं कुणी उरलं नाही.

फोनवर सांगणार होते, पण फोनवर तू 'आधी तो स्पीकर बंद कर' यापलीकडे काही बोलत नाहीस. आणि आईला आपण पत्रं लिहिलेली आवडायची.

मी हल्ली दर शनिवारी एका वर्गाला जाते. रँडल सर म्हणून आहेत, भाड्याची घरं कशी घ्यायची ते शिकवतात. ते म्हणतात, पगारावर कुणाचं म्हातारपण निघालेलं नाही, भाड्यावर निघतं. पटलं मला. दातांच्या दवाखान्यात जन्मभर लोकांना तारखा दिल्या, आणि घटस्फोटानंतर हातात काय उरलं, तर एक गाडी. तीही जुनी.

सर वस्त्यांचे चार वर्ग करतात. 'ए' म्हणजे डॉक्टर-वकिलांची. तिथे भाडं वेळच्या वेळी येतं, पण घरच इतकं महाग की घेणार कोण. 'बी' म्हणजे शिक्षक, नर्स, पोस्टमन. 'सी' म्हणजे कष्टकरी माणसं, जुनी घरं, दुरुस्त्या फार, पण पैसा सुटतो. आणि 'डी'मध्ये म्हणे गाडीतून उतरायचंच नाही, फोटो काचेतून काढायचा. तुमची गल्ली 'सी'मध्ये बसते. रागावू नकोस, ती शिकवण्याची भाषा आहे. सोबत क्लीव्हलंडचा रंगवलेला नकाशा पाठवतेय.

सर म्हणतात प्रत्येक भाडेकरूशी करारनामा करा. पण आपल्या दोघींत कसला आलाय कागद? झुपानला देत होतीस तेवढंच मला देत जा.

तुझी,
नीसी


हार्लन स्ट्रीट, क्लीव्हलंड
३० मार्च २०१४

प्रिय नीसी,

पत्र वाचलं आणि तशीच स्वयंपाकघरात बसून रडले. चांगलं रडले, काळजी करू नकोस. क्लिफ्टनशी माझा संसार याच घरात झाला, वरच्या खोलीत त्यानं डोळे मिटले. माझेही इथेच मिटावेत, एवढंच मला देवाकडे मागायचं होतं, आणि झुपान म्हातारा झाल्यापासून रोज धास्ती वाटायची की हा घर कुणाला विकतो. ती धास्ती तू काढलीस. आई असती तर तुला जवळ घेतलं असतं. तुझ्या लहानपणीचे सगळे गुन्हे माफ.

पण हे 'सी' काय गं? कोण मेले हे मार्क देणारे? कधी आलेत का आमच्याकडे जेवायला?

तुझा तो नकाशा मी लगेच ओळखला. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. बाबा घरासाठी कर्ज मागायला बँकेत गेले होते, मला सोबत घेऊन. इस्त्रीचा शर्ट, अलाबामाहून आणलेली हॅट. साहेबाच्या टेबलावर असाच नकाशा होता. हेच रंग, हीच ए-बी-सी-डी. आपली गल्ली तांबडी, म्हणजे 'डी', काळे लोक राहतात म्हणून. साहेबानं बाबांच्या पगाराची चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही, नुसतं नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाला, इथे आम्ही देत नाही. बाबांनी हॅट डोक्यावर ठेवली आणि आम्ही चालत घरी आलो. आणि आज त्यांची लेक पैसे भरून तोच नकाशा शिकायला जाते. शाब्बास.

असो. घर घेतलंस, त्यापुढे शंभर नकाशे माफ. मात्र एक ऐक. गल्लीच्या मंडळाची मी अध्यक्ष आहे. कोपऱ्यावर आमचा फलक आहे: गाड्या हळू, गाणी हळू, पोर्चवर सोफा ठेवायचा नाही, अंगणात गाडी दुरुस्त करायची नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात पाचशे पोरांना रांगेत उभं केलंय मी, ही गल्ली काय चीज आहे! बघच तू, हिचा नंबर वर काढून दाखवते. मग त्या रँडलला म्हणावं, ये आणि टोपी काढ.

खूप प्रेम,
वर्लीनताई


सान डिएगो
२ डिसेंबर २०१४

प्रिय ताई,

थँक्सगिव्हिंगला येते म्हणाले आणि आले नाही, हे माहीत आहे. टोमणे फोनवर मारून झालेत, पत्रात नकोत.

मी मेंफिसला दोन घरं घेतली. 'डी'मधली. एका 'ए' घराच्या पैशांत अशी सहा येतात, विचार कर! मी प्रत्यक्ष बघितली नाहीत. सर म्हणतात, बघायला गेलं की मन गुंततं आणि मन गुंतलं की हिशोब चुकतो. तिकडच्या एजंटनं फोटो पाठवले होते, फोटोत छान दिसत होती. पण पहिल्याच महिन्यात एका भाडेकरूनं घर सोडलं आणि जाताना भिंतीतले तांब्याचे पाइप आणि बॉयलर घेऊन गेला. एजंट म्हणतो, असं होतं. सरही म्हणाले, असं होतं. सगळे म्हणतात असं होतं, आणि बिल मला येतं.

कर्जाचा हप्ता आहे म्हणून विचारते, भाडं थोडं वाढवलं तर चालेल ना? अगदी थोडं. बाहेर काय भाव चाललेत ते तुला माहीतच आहे.

तुझी,
नीसी


हार्लन स्ट्रीट
११ जानेवारी २०१५

प्रिय नीसी,

वाढव. बहिणीला नाही द्यायचं तर कुणाला?

पण काय गं, कलिंगड घेताना दहा वाजवून बघून अकरावं उचलणारी तू, आणि घर न बघता घेतलंस? एक नाही, दोन? त्या रँडलनं तुझ्यावर काय फुंकर घातलीय कोण जाणे. आणि तो पाइपवाला भाडेकरू. त्याच्या घरात आधीपासून बॉयलर बंद असेल, तुझ्या एजंटनं त्याचा फोन उचलला नसेल, म्हणून चिडून गेला असेल. माणूस तांबं खात नाही. विचारलंस का कधी?

इकडे बर्फ गुडघाभर. मंडळाच्या बायका आळीपाळीनं म्हाताऱ्यांच्या पायऱ्या साफ करतात. मी म्हाताऱ्यांत मोडत नाही, हे त्यांना सांगून ठेवलंय.

ताई


हार्लन स्ट्रीट
१९ मे २०१६

प्रिय नीसी,

दीड वर्ष तुझी पत्रं म्हणजे चार ओळी. कामात आहेस, समजते मी. पण आज तुला माझं पत्र शेवटपर्यंत वाचावंच लागेल, कारण आज मी मिरवणार आहे.

समोरची मोकळी जागा आठवते? पाडलेल्या घराची, जिथे लोक रात्रीतून टायर आणि गाद्या आणून टाकायचे? तिथे आता बाग आहे. महापालिकेच्या बैठकीला मी इतक्यांदा जाऊन बसले की तो नगरसेवक मला बघून दुसऱ्या दारानं जायला लागला. शेवटी जागा दिली मंडळाला. कॉलर्डच्या पालेभाजीचे वाफे, टोमॅटो, भेंडी, कडेनं गुलाब. गल्लीतल्या सगळ्या पोर्चना रंग दिला. रंगाच्या दुकानदाराकडून उरलेले डबे मागून आणले, त्यामुळे प्रत्येक पोर्च वेगळा. माझा पिवळा आहे. दोन्ही बाजूंनी झाडं लावली, आणि गाड्यांना वेग कमी करायला रस्त्यावर उंचवटेही करून घेतले.

आणि ऐक तर खरं! ओडम बाईंचं घर त्यांच्या मुलांनी विकलं. घेणारं एक तरुण गोरं जोडपं, सोबत वासराएवढा कुत्रा. त्यांनी दिलेला आकडा ऐकला आणि माझे डोळे पांढरे झाले. हार्लन स्ट्रीटवरचं घर, आणि एवढ्याला! जुन्या लाँड्रीच्या जागी कॉफीचं दुकान आलंय. एका कपाच्या पैशांत अख्खी कोंबडी येईल, पण लोक रांग लावतात. परवा तिथला मुलगा मला म्हणाला, या गल्लीत किती छान वाटतं. मी म्हटलं, बाळा, वाटतं नाही, वाटायला लावलंय.

आता तरी म्हण. म्हण 'बी'! लिही तुझ्या त्या सरांना.

या उन्हाळ्यात ये. तुझ्याच घरात तुझ्यासाठी खोली तयार आहे.

ताई


सान डिएगो
१२ जून २०१६

प्रिय ताई,

पत्र तीनदा वाचलं. तू कमाल आहेस! होय, 'बी'. शंभर टक्के 'बी'. सरांना दाखवलं, ते म्हणाले, अशी बहीण सगळ्यांना हवी.

एक-दोन गोष्टी विचारायच्या होत्या. त्या जोडप्यानं नक्की किती दिले? गल्लीत आणखी कुणी विकलंय का? आपलं छप्पर कधी बदललेलं? तळघरात पाणी येतं का?

पुढच्या महिन्यात विम्याचा माणूस घर बघायला येईल. नेहमीचंच आहे. त्याला सगळं नीट दाखव.

उन्हाळ्यात जमेलसं वाटत नाही. मेंफिसच्या घरांनी जीव खाल्लाय. पण मन तिकडेच आहे.

तुझी,
नीसी


हार्लन स्ट्रीट
२० जुलै २०१६

प्रिय नीसी,

तुझा विम्याचा माणूस येऊन गेला. बिचारा घामाघूम होऊन आला. आधी त्याला थंड चहा दिला, मग म्हटलं, आता जेवूनच जा. तळलेलं चिकन होतं, बागेतली कॉलर्ड होती, गोडाला पीच कॉबलर सकाळीच केलं होतं. दोनदा घेतलं त्यानं.

खोलीन् खोली दाखवली. न्हाणीघरातल्या फरश्या क्लिफ्टननं स्वतः बसवल्या, तेही सांगितलं. जिन्याचा जुना रंग घासून आतलं लाकूड मी वर काढलं, तेही. तळघरात पाणी पूर्वी यायचं, आता थेंब नाही. तो सगळं लिहून घेत होता. मग बाहेर जाऊन बागेचे फोटो काढले, झाडांचे काढले, कॉफीच्या दुकानाचा काढला. विम्याला कॉफीचं दुकान कशाला लागतं देव जाणे. मी म्हटलं असेल, हल्ली सगळंच लागतं.

जाताना म्हणाला, बाई, हे सगळं कुणी केलं? मी म्हटलं, तुमच्यासमोर उभी आहे. आणि म्हटलं, लिहा तिथे, ठळक अक्षरात लिहा, 'बी'. तो हसला आणि म्हणाला, 'बी प्लस' लिहितो.

नीसी, खरं सांगते, माझी छाती फुगली. बाबांना कुणीतरी सांगायला हवं होतं गं. उरलेलं कॉबलर त्याला डब्यात भरून दिलं.

ताई


हार्लन स्ट्रीट
३ ऑक्टोबर २०१६

नीसी,

दोन पत्रांना उत्तर नाही. फोन वाजतो आणि कापला जातो.

काल दारावर कागद चिकटवलेला मिळाला. त्यावर माझं नाव नाही. 'रहिवासी यांस' असं आहे. घर महिन्याभरात रिकामं करा, करारनामा नाही म्हणून जास्त मुदत नाही. खाली कुठल्याशा कंपनीचं नाव, तीन अक्षरं आणि एक आकडा. मला वाटलं कुणी भामटे असतील, म्हाताऱ्यांना लुबाडणारे. कोर्टाजवळ मदतीचं केंद्र आहे, तिथे गेले. वकील पोरगी होती, नातीच्या वयाची. तिनं सरकारी नोंद काढून बघितली आणि म्हणाली, घर ऑगस्टमध्ये विकलं गेलंय. विकणारीचं नाव वाचून दाखवलं. तुझं नाव.

मी म्हटलं, बाळ, काहीतरी घोटाळा आहे, ती माझी सख्खी बहीण आहे. तिनं मला पाणी आणून दिलं.

सप्टेंबरचं भाडं मी तुलाच पाठवलं होतं. तो चेक वटला. कंपनी म्हणते, सप्टेंबरचं भाडं मी चुकवलं.

नीसी, घोटाळा आहे ना? नुसतं 'हो' लिही, एवढं पुरे.

ताई


सान डिएगो
११ ऑक्टोबर २०१६

प्रिय ताई,

मी तुला सांगणार होते. रोज सांगणार होते. देवाशपथ.

मेंफिसच्या घरांनी मला बुडवत आणलं होतं. दोन्ही घरं रिकामी, दोन्हीवर कर, एकाला महापालिकेनं दंड केला. बँक रोज फोन करत होती. आणि तेव्हाच तुझं पत्र आलं. तूच लिहिलंस ना, गल्ली 'बी' झाली? त्या जोडप्यानं दिलेली किंमतही फोनवर तूच सांगितलीस. 'बी' झालं की विकायचं आणि 'ए'मध्ये घालायचं, हेच तर शिकवतात. एक घर विकून दुसरं घेतलं तर कर लागत नाही, पण दुसरं ठरवायला पंचेचाळीसच दिवस मिळतात. कंपनी रोख देत होती. विचारायला वेळ कुठे होता? आणि विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत होतं.

मी तुला फसवलं नाही, ताई. मी घर विकलं. सर पहिल्या दिवशी सांगतात, घरावर प्रेम करायचं नाही. तू केलंस, तुझा हक्क होता. मला परवडत नव्हतं.

मी कंपनीला लिहिलं होतं, जुनी भाडेकरू आहे, कधी चुकवलेलं नाही, तिला राहू द्या. ते बघू म्हणाले. तू माझी बहीण आहेस हे मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी किंमत पाडली असती. सप्टेंबरचा चेक चुकून वटवला गेला, तो परत करते.

आता ऐक, मी काय ठरवलंय. मेंफिसचं एक घर अजून माझ्याकडे आहे. नवे पाइप घातलेत, बॉयलरही बसवते. तू तिथे जा. भाडं एक पैसा नको. वस्ती वाईट आहे, खोटं बोलत नाही, पण तू गेलीस की सुधारेल. तुझ्या हातात ते आहे, ताई, हार्लन स्ट्रीटचं काय केलंस ते सगळ्यांनी बघितलंय. दोन-तीन वर्षांत ती गल्लीही 'सी'त येईल. दोघींचंही भलं होईल.

मला समजून घे.

तुझी,
नीसी


५ फेब्रुवारी २०१७

नीसी,

तू लिहिलेली पत्रं चर्चमधून मला मिळाली, चेकही मिळाला. तो मी वटवला. तू काय समजलीस, अभिमानानं फाडून टाकीन? भाडं लागतं इथे.

घर सोडलं. कंपनीचा पोरगा आला होता, म्हणाला, लवकर निघालात आणि घर झाडून-पुसून दिलंत तर वर काही पैसे देऊ, किल्लीच्या बदल्यात. मी म्हटलं, झाडून देईन, पैसे ठेव तुझ्याकडे. जिना पुसताना मात्र हात थांबला. क्लिफ्टन ज्या पायरीवर बसून बूट काढायचा, ती पुसली नाही. राहू दे तशीच. पुढच्यांनी पुसावी.

बायका निरोपाला आल्या होत्या. त्यातल्या तिघींनाही तसेच कागद आलेत. त्यांनी मला काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. पोर्चवरचा सोफा हलवा, रंग द्या, झाडं लावा म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते. केसानं गळा कापतात म्हणतात ना, तो त्यांचा मी कापला आणि माझा तू. फरक एवढाच, की मला माहीत नव्हतं.

तुझ्यावर राग आहे का, असं तिसऱ्या पत्रात विचारलंस. आहे. गरज होती म्हणून विकलंस, यासाठी नाही. माणसाला गरज येते. पण तू मला सांगितलं असतंस, तर मी त्या तुझ्या 'विम्याच्या' माणसाला कोरडा पाव दिला असता आणि तळघरात चार बादल्या पाणी ओतलं असतं. तू माझ्याच हातानं माझं घर सजवून विकवलंस, आणि वर 'कमाल आहेस' म्हणालीस. ते 'कमाल आहेस' मी शेजारणींना वाचून दाखवलं होतं, नीसी.

मेंफिसला येत नाही. तिकडे जी माणसं राहत असतील त्यांनी माझं काय वाईट केलंय, की मी तिथे जाऊन गुलाब लावू?

मला दोन खोल्या मिळाल्यात, माडीवर. कुठे, ते सांगणार नाही, चर्चच्या पत्त्यावर लिही, लिहायचंच असेल तर. गल्ली तुझ्या सरांच्या हिशोबानं पार शेवटची असेल. कोपऱ्यावर एक जळकं घर आहे, छप्पर अर्धं खाली आलंय, पोरं आत शिरतात. ते पाडायला कुणाला फोन करायचा, कुठल्या बैठकीला बसायचं, कुठल्या साहेबाला किती छळायचं, मला झोपेतही सांगता येईल. रोज येता-जाता बघते आणि मान वळवते. आत शिरणाऱ्या पोरांची काळजी वाटते. रात्री झोप लागत नाही. तरी फोन करत नाही. ते घर तिथे उभं आहे तोवर इथे कुणी फोटो काढायला येणार नाही.

खालची बाई चांगली आहे. काल मक्याचा पाव घेऊन वर आली. कुणीतरी तिला सांगितलंय की मी कुठल्याशा गल्लीचं मंडळ चालवायचे. म्हणाली, इथेही काढू या ना, त्या जळक्या घराचं काहीतरी करू, तुम्ही नुसतं सांगा, आम्ही राबतो. तिचे डोळे अगदी चमकत होते. मी म्हटलं, नाही बाई, चुकीचं सांगितलंय कुणीतरी, मला त्यातलं काही कळत नाही. ती हिरमुसली. जाता जाता विचारलं, आधी कुठे राहत होता तुम्ही?

म्हटलं, बहिणीकडे.

वर्लीन